पंच्याहत्तरावी भाकरी

ढवळसर गावाच्या उत्तरेला ओढा ओलांडला की चढण लागते आणि चढण संपली की एकदम उघडा माळ. औषधाला झाड नाही. तिथल्या गवतात दळणाच्या जात्यांच्या तळ्या बसवलेल्या दिसतात. गोल, काळ्या, मधोमध भोक असलेल्या. वरची तळी आणि तिच्या शेजारी खालची तळी, अशा जोडीजोडीनं, चार-चार हात जागा सोडून, तीन ओळींत. मोजल्या तर चौऱ्याहत्तर भरतात. शाळेची मुलं दरवर्षी मोजायला येतात, दरवर्षी कुणाच्या तरी त्र्याहत्तर भरतात आणि तिथंच भांडण जुंपतं. पंच्याहत्तरावी जागा शेवटच्या ओळीच्या टोकाला आहे. तिथं तळी नाही. नुसता ओबडधोबड धोंडा आहे, टाकीचा एक घावही न लागलेला.

माळ दाखवण्याचं काम गेली चाळीस वर्षं शिदूआबा गुरव करतात. आलेला पाहुणा हटकून विचारतो, एवढी जाती इथं कुणी टाकून दिली? आबा आधी त्याला पायताण काढायला लावतात, मग सांगतात, "टाकून न्हाई दिली. खाली मानसं निजल्यात."

एकदा तालुक्याहून कुणी साहेब आले होते. त्यांनी इथं संगमरवरी स्तंभ उभारायचं मनावर घेतलं आणि वर काय कोरायचं ते ठरवायला गाव गोळा केलं. खाली कोणत्या बाजूचे वीर आहेत, एवढंच त्यांना कागदावर हवं होतं.  आबा म्हणाले, "सायेब, तेवढंच सोडून काय बी इचारा." स्तंभ राहिला तो राहिलाच.

गावाला ते सांगता येत नाही, त्याला कारण आहे. ते कारण असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. वरच्या मुलखाचा एक सरदार होता आणि ओढ्यापलीकडे, खालच्या मुलखाचा दुसरा. त्यांची नावं ढवळसरनं मुद्दाम ठेवलेली नाहीत. वरचा आणि खालचा, एवढंच. भांडण कशावरून लागलं, याची कुणाला खात्री नाही. कुणी म्हणतं जकातीच्या चौकीवरून, कुणी म्हणतं पळवून नेलेल्या घोडीवरून. घोडी फार देखणी होती असंही सांगणारे आहेत, म्हणे तिच्या कपाळावर चांद होता. दोन्हीकडची माणसं सारखीच. तीच भाषा, तशीच बंडी, तसंच मुंडासं. दोन्ही फौजांत मराठे होते, धनगर होते, महार होते, रामोशी होते, मुसलमान होते. मेल्यावर त्यांना वेगळं ओळखायचं तर काही खूण उरली नसती, आणि झालंही तसंच.

त्या साली माघ महिन्यात राही पाथरवटीण ढवळसरला आलेली होती. ती दर साली यायची. सुगी झाली, नवी ज्वारी घरात आली की पाठीवर छिन्नी-हातोड्याची पिशवी आणि मागं एक म्हातारं गाढव, अशी ती गावोगाव फिरायची आणि झिजलेल्या जात्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं दगडाला नव्यानं खाचे पाडायची. वय पन्नाशीचं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हातातली टाकी नवऱ्याची, आणि नवऱ्याच्या हातात ती त्याच्या बापाची आलेली.

तिच्या कामाची एक रीत होती. टाकी लावलेल्या जात्यात पहिली दोन दळणं कोंडाभरड्याची घालायची. नव्या टाकीची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, त्या दळणात निघून येतो. ते पीठ बाहेर टाकून द्यायचं. मग तिसऱ्या दळणाची चिमूट राही जिभेवर ठेवायची, दाताखाली घोळवायची आणि म्हणायची, "आता दळा." ती 'आता दळा' म्हणाली की घरातल्या बाईनं डोळे मिटून दळायला बसावं. तिनं मान हलवली तर पाटलाची बायको असली तरी पुन्हा कोंडा दळायची. ओढ्याच्या दोन्ही अंगांना वीस-पंचवीस गावांत राहीचा शब्द चालायचा. घर नाही, शेत नाही, माणूस नाही, पण हा एक शब्द तिचा होता. आपल्याला तिचं हसू यावं इतकी ती त्याला जपायची. पिठाची चव बिघडू नये म्हणून तिनं कधी पान खाल्लं नाही, मिश्री लावली नाही.

गावातल्या सदतीस घरांतली जाती उलथून पडलेली, अर्ध्यांना टाकी लागलेली, अर्ध्यांना लागायची, अशात वरचा सरदार फौज घेऊन आला. त्यानं ज्वारीची पोती गावात उतरवली आणि फर्मावलं, परवाच्या पहाटेला माणशी दोन भाकरी बांधून पाहिजेत. प्रत्येक दारात एकेक शिपाई उभा केला. राहीनं दिवसभर हात चालवला. सदतिसावं जातं झालं तेव्हा तिच्या बोटांतून रक्त येत होतं. पण कोंड्याची दळणं व्हायची होती, आणि त्याला आणखी अर्धा दिवस लागला असता.

सरदार घोड्यावरूनच म्हणाला, "झालं का?"

नाही म्हणायला हवं होतं. राहीला ते कळत होतं. पण चाबूक दिसत होता आणि उंबऱ्यात बसलेल्या बायका दिसत होत्या, नाही म्हटलं तर तो आधी त्यांच्या पाठीवर पडला असता. ती म्हणाली, "झालं. आता दळा."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो शब्द खोटा वापरला. बायकांनाही ते कळलं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, माना खाली घातल्या आणि दळायला घेतलं. त्या दळणाला म्हणे एकाही घरात ओवी म्हटली गेली नाही.

भाकरी झाल्या. सरदारानं पहिला घास घेतला आणि थुंकला. राहीला बोलावून म्हणाला, "ज्वारी दळलीस का डोंगर दळलास?" तिथं तिचं काय झालं असतं सांगता येत नाही, पण तेवढ्यात खालची फौज माळाला भिडल्याची बातमी आली. शिपायांनी कचकचीत भाकरी तशाच फडक्यात बांधून खांद्याला मारल्या आणि माळ चढले. बरेच जण जाता जाता बायकांना हसून म्हणाले, परत आलो की दात मोजून घेऊ. राहीनं ते ऐकलं.

लढाई दिवस चढल्यावर लागली आणि दिवस कलायच्या आत संपली. गाव दारं लावून बसलेलं होतं. आवाज थांबला तेव्हा कळलं की वरचा जिंकला, आणि हेही कळलं की त्याचा पाठचा भाऊ पडला. भावाच्या हातात अंगठी होती, दंडावर गोंदण होतं, त्याला तेवढं ओळखून खाली आणलं. माळावर लाकूड नाही. गावातल्या दोन गाड्या मोडून ओढ्याकाठी चिता रचली. चिता धडधडत असताना सरदारानं मुठीत भंडारा घेतला आणि सगळ्या गावासमोर, सगळ्या फौजेसमोर बोलला, "या गावच्या जात्याची भाकर जेनं खाल्ली तेला माती मिळंल. जेनं न्हाई खाल्ली तेला गिधाडं." दुःखात माणूस बोलतो तसं तो बोलला. पण मुठीत भंडारा होता, ते बोलणं आता परत घेता येण्यासारखं नव्हतं.

फौज ओढ्याकाठीच पडून राहिली. पहाटेपर्यंत माळावर लुटारू फिरून गेले होते. त्यांनी बंड्या नेल्या, मुंडाशी नेली, पायताणं नेली, हत्यारं तर नेलीच. भाकरी बांधलेली फडकीसुद्धा झटकून नेली. भाकरी तेवढ्या टाकल्या. दिवस उगवला तेव्हा माळावर पंच्याहत्तर माणसं आईनं जन्म दिला तशी पडलेली होती आणि प्रत्येकाच्या आजूबाजूला भाकरीचे तुकडे पडलेले होते. पलीकडच्या कड्यावर गिधाडं येऊन बसली होती.

सरदाराची बरीचशी माणसं पंधरा दिवसांपूर्वी दहा गावांतून गोळा केलेली. ती एकमेकांची तोंडं पुरती ओळखत नव्हती, आणि त्यातल्या कित्येकांना ओळखता येण्याजोगी तोंडं उरलीही नव्हती. पाटील हात जोडून म्हणाला, "सरकार, समद्यांलाच माती द्या. गाव खड्डे खनंल." सरदारानं नुसतं ओढ्याकाठच्या राखेकडे बोट दाखवलं.

मग त्याला ती कच आठवली.

"आमच्या भाकरीत दगूड व्हता," तो म्हणाला. "त्यांच्यात नसंल. त्या पाथरवटणीला बोलवा. तिच्या टाकीची कच ती वळखंल."

राहीला माळावर आणलं. शिपाई तुकडा उचलून देई, ती दाताखाली धरी आणि सांगे. कच असली की त्या माणसाच्या उशाला दगड ठेवायचा, नसली की तसंच पुढं जायचं. मेलेल्याजवळची भाकरी तोंडात घालायची, हे काम शिपायांपैकी कुणी केलं नसतं. राही वाकली आणि पहिला तुकडा तोंडात घातला. दातात कच वाजली. हसून दात मोजून घेऊ म्हणणाऱ्यांपैकी हा एक. "हाय," ती म्हणाली. दुसऱ्यालाही होती. "हाय," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. या लोकांनी जगातला शेवटचा घास खाल्ला तो आपल्या खोट्या शब्दाचा, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

तिसरी भाकरी मऊ लागली. कच नव्हती. शिवाय ती खारट होती. ओढ्यापलीकडच्या मुलखात पीठ मळताना मीठ टाकतात, ढवळसरकडे टाकत नाहीत. हा खालचा. भाकरी पातळ, काठाला एकसारखी थापलेली, हात मुरलेल्या बाईची. त्या मुलखातल्या दहा-बारा गावांत राही स्वतः टाकी लावायला जायची. हे पीठ तिनं 'आता दळा' म्हटलेल्याच एखाद्या जात्यातून निघालं असेल, आणि या वेळी तिथं ती खरं बोलली असेल. ती तुकडा तोंडात धरून उभी राहिली. शिपाई म्हणाला, "बोल की."

राहीनं खाली पाहिलं. माणूस काही फार तरुण नव्हता. कानात भोक होतं, त्यातली बाळी ओढून नेलेली. त्याच्या घरी अजून काही कळलेलं नसेल, सांजच्याला त्याच्या वाटणीचं पीठ घेऊन ती बाई बसेल.

"हाय," राही म्हणाली. "कच हाय."

त्याच्या उशाला दगड ठेवला गेला. पुढं चौथा, पाचवा. एकाही भाकरीला ती नाही म्हणाली नाही. माळाची एक बाजू संपली, दुसरी लागली. माळाच्या कडेला गाव येऊन उभं राहिलं होतं. तिच्या तोंडाकडे बघूनच बायकांना समजलं होतं, कारण कच लागल्यावर राहीची उजवी भुवई वर जायची, ती गेल्या पाच-सहा भाकरींत वर गेली नव्हती.

एकोणचाळिसाव्या दगडाला सरदारानं हात वर केला. "माझी अडतीस मानसं परत आली न्हाईत," तो म्हणाला. "ह्यो एकुनचाळिसावा कोन?"

 राही म्हणाली, "कच हाय तर हाय म्हनते, सरकार. भाकर कुनाच्या हातात गेली, ते दगडाला काय ठावं?"

"म्हंजे या गावानं माझ्या दुश्मनाला जेवू घातलं?"

 आपल्या एका शब्दानं आपण या गावाला कशात ओढलं, हे तिला तेव्हा कळलं. नाही म्हणावं तर सदतीस माणसं गिधाडांना. हो म्हणावं तर सदतीस घरांवर निखारा. स्वतःच्या जिवाचं तिनं केव्हाच ठरवलं होतं, पण दुसऱ्याच्या छपराचं तिनं कसं ठरवावं?

सरदारानं तिच्याकडून तोंड फिरवलं आणि गावाला म्हणाला, "जाती आना. घरटी एक. हात ठिवून सांगा, घातलं का न्हाई."

ढवळसरमध्ये जात्यावर हात ठेवून कुणी सहजासहजी बोलत नसे. खोटी शपथ वाहिली तर त्या जात्याचं पीठ घरादाराच्या मुळावर येतं, असं मानत. देवळातली खोटी शपथ एकट्याला बाधते, जात्याची सगळ्या ताटांना. जाती वर आली. वरच्या तळ्या बायकांनी डोक्यावर आणल्या, खालच्या पुरुषांनी दोघांदोघांत धरून. पाटलानं येता येता बायकोच्या कानात सांगितलं की खरं काय ते बोल आणि मोकळी हो. तिनं ऐकून घेतलं.

सगळ्यात आधी बनाई पुढं झाली. ही विधवा, तीन लेकरांची आई, दुसऱ्याची दळणं करून पोट भरणारी. तिचं जातं माहेरचं, आईच्या हातचं. घरात तेवढीच काय ती धड वस्तू. तिनं तळीवर हात ठेवला.

"व्हय. घातलं जेवू," ती म्हणाली. "वड्याला पान्याला आलते. भुकेले व्हते. दोन-दोन भाकरी दिल्या."

"कुनाची मानसं ते दिसलं न्हाई तुला?"

"भूक दिसली, सरकार."

त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. ओढ्याला कुणी आलं नव्हतं, बनाईनं कुणाला भाकरी दिली नव्हती. तिच्यामागं दुसरी आली, हात ठेवला, घातलं म्हणाली. मग तिसरी.  त्या कचेची लाज एकट्या राहीला नव्हती. ती प्रत्येकीनं आपल्या हातानं दळली होती, आपल्या हातानं थापली होती, आणि ती खाऊन गेलेली माणसं समोर उघडी पडली होती. त्यांच्यासाठी आता काही करण्यासारखं नव्हतं. जे करता येण्यासारखं होतं ते या दुसऱ्यांसाठी होतं. पाटलीण सगळ्यांत शेवटी आली. तिनं पाटलाकडे पाहिलं नाही. "सगळ्यात जास्ती म्याच घातलं," ती म्हणाली.

सरदार घोड्यावरून खाली उतरला. शेवटच्या माणसाजवळचा, पंच्याहत्तराव्याजवळचा तुकडा त्यानं स्वतः उचलला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावला.  मग त्यानं घास गिळला, प्यायला पाणी मागितलं आणि लोटा परत देताना म्हणाला, "माती द्या."

यावर गावात आजही दोन मतं आहेत. पुरुष म्हणतात, तो तुकडा खरोखरच ढवळसरचा होता आणि त्याला कच लागली. बायका म्हणतात, त्यानं पाणी का मागितलं ते बघा. तुकडा खारट होता, खालच्यांचं मीठ त्याच्या पोटात गेलं, मग तो काय बोलणार?

दुश्मनाला जेवू घातल्याचा दंड मात्र त्यानं सोडला नाही. गावातली ज्वारीची पेवं उपसली, दाणा न दाणा बैलांवर लादला आणि दुपारच्या आत फौज निघून गेली. ढवळसरनं घरं जाळली जातील याची तयारी ठेवली होती, त्या मानानं हे सोसलं.

मग खड्डे खणले. कोण कोणत्या देवाचा हे ठाऊक नव्हतं, म्हणून गुरवानं आपलं म्हटलं, तक्यातल्या फकिरानं आपलं म्हटलं, आणि दोघांनीही पंच्याहत्तर वेळा म्हटलं. माती लोटून झाली तरी जाती तिथंच पडून होती. ती परत घरी न्यायला कुणी वाकेना. खोट्या शपथेचं जातं घरात कसं न्यायचं?

राही म्हणाली, "खोटं माज्यापासनं सुरू झालं. जाती तुमची गेली."

 बनाईनं आपली वरची तळी उचलली आणि एका मातीवर ठेवली. खालची तळी शेजारच्या मातीवर ठेवली. म्हणाली, "ज्येंला जेवू घातलं म्हनून सांगितलं, त्येंच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." तसं सगळ्यांनी केलं. सदतीस जाती, चौऱ्याहत्तर तळ्या. कोणती वरच्याच्या उशाला गेली आणि कोणती खालच्याच्या, ते ठेवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते माहीत करून घेतलं नाही.

एक माणूस उरला. कानात भोक असलेला, मिठाच्या भाकरीचा, तोच तिसरा, त्याला माती शेवटच्या ओळीच्या टोकाला मिळाली होती. राहीला घर नव्हतं, तिचं असं जातं कधीच नव्हतं, सगळा जन्म दुसऱ्यांच्या जात्यांवर गेलेला. ती ओढ्यातून एक धोंडा घेऊन आली. लोकांना वाटलं, आता ही त्याला घडवील. तिनं पिशवीतून टाकी काढली, हातोडा काढला, दोन्ही त्याच्या उशाच्या मातीत हातभर खोल पुरलं आणि वर धोंडा तसाच ठेवला. ज्या तोंडानं कच आहे म्हटलं त्या तोंडानं पुन्हा 'आता दळा' म्हणायचं नाही, असं ती म्हणाली, आणि एवढं बोलून गाढवाच्या पाठीवरची रिकामी पिशवी झटकत बसली.

ती पुढं ढवळसरलाच राहिली. त्या वर्षी गावात जातं नव्हतं आणि दळायला धान्यही नव्हतं. पोरासोरांनी रानात सरवा, म्हणजे कापणीत सांडलेली कणसं, वेचून आणलेले दाणे आणि हुलगे उकडून गावानं दिवस काढले. पुढल्या सुगीला दुसरा पाथरवट आला, नवी जाती आली. बायका पहिल्या पिठाची चिमूट घेऊन सवयीनं राहीकडे यायच्या आणि विचारायच्या, कच लागते का बघ. ती तोंडात घ्यायची नाही. नुसती हसायची आणि त्यांच्या लेकराला मांडीवर ओढायची.

म्हातारी झाल्यावर, जायच्या आधी तिनं एकच गोष्ट बोलून दाखवली. चौऱ्याहत्तरांना घरं आहेत. वर्षाच्या दिवशी त्यांना त्यांची त्यांची भाकरी जाईल. माझ्याला कोण देणार? बनाईची सून तिथं होती. ती म्हणाली, "तुमी कुटं घरच्या व्हता? वाटनं आला आन् आमच्या झाला. त्येला बी वाटनं येनाराच दील."

आजही माघ वद्य दशमीला ढवळसरात जातं फिरत नाही. जाती आता राहिली आहेत किती, पण रज्जाकभाईंच्या गिरणीचा पट्टा त्या दिवशी उतरवून खुंटीला टांगलेला असतो, आणि शेजारच्या गावचं कुणी दळण घेऊन आलं तर ते त्याला घुगऱ्या खायला घालून परत पाठवतात. घरोघरी ज्वारीच्या आणि हुलग्याच्या घुगऱ्या शिजतात. भाकरी फक्त माळासाठी होते, आदल्या दिवशीच्या पिठाची. प्रत्येक घर आपल्या दोन तळ्यांवर दोन भाकरी ठेवतं. जुनी सदतीस घरं आता दीडशे झाली आहेत, भावाभावांत शेतं वाटली गेली, विहिरी वाटल्या गेल्या. तळ्या वाटल्या नाहीत. सगळे भाऊ मिळून त्याच दोघांपाशी येतात, एरवी एकमेकांशी बोलत नसले तरी.

एक भाकरी वेगळी केलेली असते. गावातल्या इतर कोणत्याही भाकरीत नसतं ते मीठ तिच्यात घातलेलं असतं. त्या दिवशी जो कुणी परका माणूस वाटेनं आलेला असेल, मग तो फिरस्ता असो, वीजमीटर बघायला आलेला असो, नाहीतर साहेब असो, त्याला ती देतात. तो ती धोंड्यावर ठेवतो. ठेवण्याआधी त्यानं तिचा एक तुकडा खायचा असतो. भाकरी गिरणीच्या पिठाची, दोनदा चाळलेली. कच तिच्यात सापडणार कुठून? तो चावत असतो आणि सगळं गाव पायताणं काढून भोवती उभं असतं. मग शिदूआबा त्याच्यासमोर येतात, त्याच्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "कच लागली का?"

आबांच्या चाळीस वर्षांत आणि त्यांच्या आधीच्यांच्या जेवढ्या आठवणी आहेत तेवढ्यांत, नाही म्हणालेला पाहुणा अजून आलेला नाही.